सुरक्षित घरातले भूत

दुसऱ्या महायुद्धातले लंडन, गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवलेली मुले, गावाकडे निघालेली आगगाडी आणि शेवटच्या स्थानकापासून बरेच आत असलेला एक जुना वाडा, ज्यात कोणीतरी आधीपासूनच राहते आहे. इंग्रजी भयकथेतला हा साचा आता इतका ओळखीचा झाला आहे की गाडी सुटतानाच पुढचे सगळे वाचकाच्या लक्षात येते. अशी एखादी कथा किंवा चित्रपट आला की एक ठरावीक वादही सुरू होतो. एका बाजूचे लोक म्हणतात की ज्या मुलांच्या डोक्यावर खरे बाँब पडत होते त्यांच्या मागे भूत लावणे हा त्यांच्या दुःखाचा बाजार आहे. युद्ध पुरेसे भयानक असताना त्यात वरून हडळ कशाला? दुसऱ्या बाजूचा बचाव याहून दुबळा असतो. गोष्ट ती गोष्ट, तिच्यात इतिहास कशाला शोधायचा, असे म्हणून ते मोकळे होतात. पहिल्यांना भूत फालतू वाटते आणि दुसऱ्यांनाही ते फालतूच वाटते. फरक इतकाच की दुसऱ्यांची त्याला हरकत नसते. माझे म्हणणे या दोघांच्याही विरुद्ध आहे. मुलांच्या युद्धकालीन स्थलांतराबद्दल अधिकृत इतिहासाने जे बराच काळ बोलू दिले नाही, ते बोलायला झपाटलेल्या घराची गोष्ट हा अत्यंत योग्य प्रकार आहे, कारण त्या सगळ्या योजनेचा डोलारा ज्या एका शब्दावर उभा होता त्या ‘सुरक्षित’ या शब्दावर ही गोष्ट शंका घेते.

आधी घडले काय ते पाहू. ३१ ऑगस्ट १९३९ रोजी ब्रिटिश सरकारने आदेश काढला आणि १ सप्टेंबरपासून, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारण्याच्याही दोन दिवस आधी, बाँबहल्ल्यांच्या भीतीने शहरे रिकामी होऊ लागली. तीन-चार दिवसांत सुमारे १५ लाख लोक हलवले गेले आणि त्यांत ८ लाखांहून अधिक शाळकरी मुले आईवडिलांविना, शिक्षकांबरोबर निघाली होती. सोबत गॅस मास्कचा पुठ्ठ्याचा डबा, बदलायचे कपडे, दात घासायचा ब्रश, कंगवा, टॉवेल. मुले कुठे चालली आहेत हे निरोप देणाऱ्या बहुतेक आयांना ठाऊक नव्हते. मुलांकडे एक पोस्टकार्ड दिलेले असे. पोहोचल्यावर त्यावर नवा पत्ता लिहून ते घरी धाडायचे, आणि मग घरच्यांना कळायचे. गावात उतरल्यावर मुलांना शाळेच्या किंवा चर्चच्या सभागृहात उभे करत आणि गावकरी येऊन त्यांतली निवडत. अंगापिंडाने मजबूत मुलगे शेतकरी उचलत, नीटनेटक्या मुली घरकामाला बऱ्या म्हणून लवकर जात, आणि एकमेकांचा हात न सोडणारी भावंडे शेवटपर्यंत उभी राहत. यजमानाला सरकार एका मुलामागे आठवड्याला १० शिलिंग ६ पेन्स देई; एकाहून अधिक मुले असली तर प्रत्येकी ८ शिलिंग ६ पेन्स. आपल्याकडच्या गुरांच्या बाजाराची आठवण कोणाला झाली तर मी त्याला दोष देणार नाही.

या मोहिमेला सरकारने नाव दिले होते ‘पाइड पायपर’. हॅम्लिन गावाची ती दंतकथा आपल्याकडेही शाळेत शिकवली जाते: बासरीवाला आधी उंदरांना घेऊन जातो आणि ठरलेले पैसे गावाने बुडवले म्हणून नंतर मुलांना घेऊन जातो. ती मुले डोंगराच्या पोटात नाहीशी होतात. परत येत नाहीत. मुलांना जपण्यासाठी आखलेल्या मोहिमेला मुले कायमची नेणाऱ्याचे नाव देणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय चालले असेल, याचे मला नेहमी कुतूहल वाटत आले आहे. तेव्हा या इतिहासात भुताटकी कोणी लेखकाने बाहेरून आणून घुसडली, असे म्हणणाऱ्यांनी आधी त्या सरकारी फायलीच्या पहिल्या पानावरचे नाव वाचावे.

घराचेही तसेच. भयकथेतला प्रचंड, निम्मा बंद, तसबिरींनी भरलेला वाडा हा सोयीस्कर देखावा आहे, अशी टीका होते. परंतु युद्धाच्या त्या वर्षांत असे वाडे खरोखरच मुलांनी भरले होते. डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थ महालात वेल्समधल्या पेनऱ्होस कॉलेज या शाळेच्या मुली राहिल्या आणि राजघराण्यातल्या पाहुण्यांसाठी राखलेल्या दालनांत त्यांच्या खाटा लागल्या. ऑक्सफर्डशायरमधल्या ब्लेनहाइम महालात माल्व्हर्न कॉलेजचे मुलगे आले. या शाळांच्या स्वतःच्या इमारती सरकारने युद्धकामासाठी ताब्यात घेतल्या होत्या, म्हणजे बाँबच्या भीतीने निघालेल्या गरीब मुलांची गोष्ट वेगळी, हे मला मान्य आहे. पण धुराड्यांच्या धुरात वाढलेले मूल परक्या पूर्वजांच्या चित्रांखाली झोपते, ही कल्पना काही लेखकाच्या डोक्यातून निघालेली नाही. अंधारसुद्धा सरकारी होता. १ सप्टेंबर १९३९ पासून ‘ब्लॅकआउट’ लागू झाला आणि खिडकीतून प्रकाशाची तिरीपही बाहेर जाऊ न देणे हा कायदा बनला. भयकथेला लागणारी सगळी सामग्री, म्हणजे अनोळखी घर, सक्तीचा अंधार, मोठ्यांची कुजबूज आणि आई नसलेले मूल, शासनाच्या आदेशानेच एका ठिकाणी गोळा झाली होती.

आता विरोधकांच्या बाजूला जे खरे आहे ते मान्य करायला हवे, आणि ते थोडे नाही. पहिली गोष्ट म्हणजे या स्थलांतराने जीव वाचले. बाँबहल्ल्यांत ब्रिटनमधले ६०,०००हून अधिक नागरिक मारले गेले. सप्टेंबर १९४० ते मे १९४१ या काळात लंडनच्या पूर्व भागात गोदीजवळच्या वस्त्यांत ही सगळी मुले असती तर मृतांमधला लहान मुलांचा वाटा किती वाढला असता, याचा अंदाज करणे अवघड नाही. दुसरी गोष्ट, पुष्कळ यजमान भले होते. अनेक मुलांनी पहिल्यांदा गाय पाहिली, पोटभर अंडी-दूध खाल्ले, आणि युद्ध संपल्यावरही त्या ‘मावशी’ला आयुष्यभर पत्रे लिहिली. खेडेगावातल्या प्रत्येक घरात काहीतरी भयंकर दडलेले असते असा ग्रह करून देणारी कथा त्या असंख्य साध्या माणसांवर अन्याय करते, हा आक्षेप मला निरुत्तर करतो, निदान काही प्रमाणात.

परंतु जीव वाचणे आणि सुरक्षित असणे या दोन गोष्टी एकच आहेत का? हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता. युद्ध सुरू होऊन चार महिनेही झाले नव्हते तेव्हा, डिसेंबर १९३९ मध्ये, जॉन बोल्बी, इमॅन्युएल मिलर आणि डोनाल्ड विनिकॉट या मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या तिघा डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ला पत्र लिहून इशारा दिला की अगदी लहान मुलांना आईपासून तोडणे ही मानसिक दृष्ट्या धोक्याची गोष्ट आहे. ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या मनोविश्लेषकांनी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात युद्धकाळात लहान मुलांची संगोपनगृहे चालवली. तिथल्या निरीक्षणांतून त्यांना दिसले ते हे, की आई जवळ आणि शांत असेल तर बाँबहल्ल्याने मूल तितके कोलमडत नाही, जितके ते आईपासून तुटल्याने कोलमडते. गावोगावच्या यजमानीणबायांची एकच मोठी तक्रार होती की शहरातली मुले रात्री अंथरूण ओले करतात. वर्तमानपत्रांत आणि स्थानिक समित्यांत या तक्रारीची चर्चा बहुतांशी गाद्या, चादरी आणि झोपडपट्टीतले संस्कार यांभोवती फिरत राहिली. आठ वर्षांचे मूल रात्री कशाला घाबरते, हा प्रश्न त्या गाद्यांखालीच राहिला. भयकथा नेमका तोच प्रश्न विचारते. ती मुलाच्या खोलीत जाते, दिवा मालवते आणि आता तुला काय दिसते आहे, असे विचारते.

याहून बोलका पुरावा हवा असेल तर त्या काळातले एक सरकारी भित्तिपत्रक पाहावे. अपेक्षित बाँबहल्ले लगेच झाले नाहीत आणि १९४०च्या सुरुवातीपर्यंत निम्म्याच्या आसपास मुले घरी परतली होती, म्हणून आयांना थोपवण्यासाठी आरोग्य मंत्रालयाने ते काढले. झाडाखाली एक आई बसली आहे, जवळ तिची मुले खेळत आहेत आणि तिच्या कानाशी हिटलरची धूसर, जवळजवळ आरपार दिसणारी आकृती उभी राहून कुजबुजते आहे: त्यांना परत ने, परत ने. खाली मजकूर असा की आई, असे करू नकोस, मुले आहेत तिथेच राहू दे. म्हणजे झपाटलेली बाई पहिल्यांदा रंगवली ती मंत्रालयाने. आपले मूल आपल्याजवळ असावे ही ज्या इच्छेला कोणत्याही भाषेत वात्सल्य म्हणतात, ती तिथे शत्रूची बाधा ठरली. हेतू चांगला होता आणि सल्लाही लंडनच्या बाबतीत पुढे बरोबर ठरला, हे मी नाकारत नाही. पण त्या चित्राशेजारी भयकथेतले नेहमीचे भूत ठेवून पाहा. या जातीच्या अनेक गोष्टींत वाड्यातली बाई कोण निघते? जिचे मूल कोणीतरी हितासाठी म्हणून तिच्याकडून काढून घेतले अशी आई. सरकारने ज्या इच्छेला कानामागची कुजबूज म्हणून हाकलले, तीच गोष्टीत काळे कपडे घालून जिन्यावर येऊन उभी राहते. याला मी योगायोग मानत नाही.

दुसरा आक्षेप असा की साक्षी उपलब्ध असताना कल्पनेची गरज काय. त्या मुलांनी म्हातारपणी आठवणी सांगितल्या आहेत, त्या वाचा, भुते कशाला? मी त्या आठवणींच्या विरुद्ध नाही. मात्र त्या केव्हा आल्या हे विसरता येत नाही: बहुतेक कित्येक दशकांनी, सांगणाऱ्यांचे केस पिकल्यावर. त्या वेळच्या मुलाकडे काय होते? आठवड्याला एक पत्र, आणि तेही ज्या घराविषयी तक्रार करायची त्याच घरातल्या टेबलावर बसून लिहायचे. आणि काही ठिकाणी तर बोलण्यावरच बंदी होती. जपानने १९४४ मध्ये आपली शाळकरी मुले अशीच हलवली. ओकिनावाहून निघालेले ‘त्सुशिमा मारू’ हे जहाज २२ ऑगस्ट १९४४च्या रात्री अमेरिकन पाणबुडीने बुडवले आणि ७००हून अधिक शाळकरी मुले गेली. वाचलेल्यांना याविषयी एक शब्दही न काढण्याची ताकीद देण्यात आली. घरी परतलेले मूल शेजारच्या आईला तिचा मुलगा कुठे आहे हे सांगू शकत नव्हते. अशा गावात मेलेली माणसे बोलतात असे लोकांना वाटू लागले तर त्याला अंधश्रद्धा म्हणून निकालात काढायचे का? जे जिवंत माणसाच्या तोंडून निघू दिले जात नाही, ते सांगायला कोणालातरी यावेच लागते.

शिवाय खऱ्या दुःखाशेजारी रंजक गोष्ट ठेवणे हा अपमान आहे, हे गृहीतकच मला तपासून पाहावेसे वाटते. १७ सप्टेंबर १९४०च्या रात्री ‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज अटलांटिकमध्ये बुडाले. सरकारी योजनेतून कॅनडाला पाठवलेली ९० मुले त्यावर होती, त्यांपैकी ७७ मेली. जहाजावरची बारा क्रमांकाची जीवरक्षक होडी आठ दिवस समुद्रात भरकटत राहिली. तीत सहा मुलगे होते आणि त्यांची सोबत करणारी मेरी कॉर्निश नावाची संगीतशिक्षिका होती. पाणी घोटाघोटाने वाटले जात होते, मुलांचे पाय सुजले होते, आणि ही बाई त्यांना काय देत होती? एका धाडसी गुप्तहेराच्या मारामाऱ्यांची, अपहरणांची, शेवटच्या क्षणी सुटका होणारी क्रमशः कथा, रोज थोडी थोडी. मुले पुढचा भाग मागत राहिली. सहाही जण वाचले. गोष्टीने वाचवले असे मी म्हणणार नाही. त्यांना एका विमानाने पाहिले आणि युद्धनौकेने उचलले. पण खऱ्या मृत्यूच्या काठावर बसलेल्या मुलांना त्या काठावर गल्लाभरू रहस्यकथा चालली, त्यांना त्यात अपमान वाटला नाही. तो आज आरामखुर्चीत बसलेल्या समीक्षकाला त्यांच्या वतीने वाटतो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. भूत आणले की माणसे सुटतात. मुलांना उपाशी ठेवणारा शेतकरी, तपासणीला न येणारा अधिकारी, डोळेझाक करणारा पाद्री, या सगळ्यांचा गुन्हा एका अदृश्य शक्तीच्या खात्यावर जमा होतो आणि प्रेक्षक हायसे वाटून घरी जातो. याला उदाहरणही भक्कम आहे. जानेवारी १९४५ मध्ये श्रॉपशायरमधल्या एका शेतावर डेनिस ओनील हा १२ वर्षांचा मुलगा मारहाणीने आणि उपासमारीने मेला. तो बाँबमुळे हलवलेला नव्हता, न्यायालयाने आईवडिलांकडून काढून परक्या घरी ठेवलेला होता. पण परक्या घरात ठेवलेल्या मुलाकडे कोणी पाहायचे हा प्रश्न दोघांच्या बाबतीत एकच होता. त्या मृत्यूची चौकशी झाली, १९४६ मध्ये कर्टिस समितीचा अहवाल आला आणि १९४८ मध्ये मुलांविषयीचा नवा कायदा झाला. हे सगळे चौकशीने घडले, आणि एकाही भुताने त्यात हातभार लावला नाही.

हे मी पूर्ण मान्य करतो. तरी याच घटनेचे पुढचे आयुष्य पाहण्यासारखे आहे. अहवाल आज किती जण वाचतात? मात्र त्या मृत्यूवरून सुचलेले अगाथा ख्रिस्तीचे ‘द माउसट्रॅप’ हे नाटक १९५२ पासून लंडनमध्ये, महासाथीची विश्रांती सोडली तर, सलग चालू आहे, आणि बंद घरात अडकलेल्या माणसांमध्ये तो जुना अन्याय पुन्हा वर येताना दर रात्री भरल्या नाट्यगृहात पाहिला जातो. (त्याचा शेवट बाहेर सांगायचा नाही असा प्रघात आहे आणि तो मीही मोडत नाही.) ते भुताचे नाटक नव्हे, पण रचना भुताच्या गोष्टीचीच आहे: एका मुलाला मोठ्यांनी टाकून दिले, आणि ती बाकी कोणीतरी वसूल करायला आले. चांगले भूत गुन्हेगाराला सोडत नाही. उलट त्याचा पत्ता सांगते. आपल्या लोकपरंपरेतही भूत कधी निनावी नसते. मुंजा म्हटले की तो कोणाचा मुलगा, मुंज होऊन सोडमुंज व्हायच्या आत कसा गेला, हे गावाला ठाऊक असते. पिंपळाखालून जाताना माणूस घाबरतो तो त्या अपुऱ्या राहिलेल्या आयुष्याला. ‘कोण?’ आणि ‘काय राहिले?’ हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय आपल्याकडे कोणी देवऋषीही पुढे सरकत नाही, मग लेखकाने का सरकावे?

म्हणून माझी रेष मी इथे ओढतो. ज्या कथेत भुताला कारण नाही, मुले फक्त एकेक करून मारायला आणलेली आहेत, आणि १९४१ हे साल केवळ वेशभूषेसाठी आहे, त्या कथेबद्दल पहिल्या बाजूचे लोक जे बोलतात ते सगळे खरे आहे. अशा कथा पुष्कळ आहेत. त्यांतले बाँबने अनाथ होऊन मुके झालेले, चित्रे काढत राहणारे मूल तर मला आता दुरूनच ओळखू येते. त्याचे मुकेपण हे दुःख नसते, लेखकाची सोय असते. पण कथा वाईट निघाल्या म्हणून प्रकार खोटा ठरत नाही. तसे असते तर युद्धावरच्या सगळ्या देशभक्तिपर चित्रपटांनंतर युद्धपट कायमचे बंद करावे लागले असते.

राहिला एक आक्षेप, जो मराठी वाचकाकडून हमखास येतो: हे त्यांचे युद्ध, त्यांची मुले, त्यांचे वाडे, आपला काय संबंध? ज्या ‘सिटी ऑफ बनारस’विषयी वर लिहिले ते जहाज मुळात लिव्हरपूल-मुंबई मार्गासाठी बांधलेले होते आणि त्यावरचे बहुसंख्य खलाशी हिंदुस्थानी होते. बारा क्रमांकाच्या होडीतल्या ४६ जणांपैकी तिसाहून अधिक हे खलाशी. त्या सहा मुलांच्या मुलाखती झाल्या, त्यांची नावे इतिहासात राहिली. जहाजाबरोबर बुडालेल्या खलाशांच्या घरी बातमी केव्हा आणि कोणत्या शब्दांत पोहोचली, हे विचारायला कोणी गेले का?

आणि दुसरा धागा तर आपल्या दारातला आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. पोलंडच्या पूर्व भागातून सोव्हिएत फौजांनी सैबेरियाकडे नेलेली आणि तिथून इराणमार्गे सुटलेली ही माणसे. त्यांत स्त्रिया आणि मुलेच जास्त, आणि पुढे जामनगरजवळच्या बालाचडी इथल्या छावणीतली पोलिश मुलेही इथे आणली गेली. त्यांना शाळा मिळाली, चर्च मिळाले, कोल्हापूरने त्यांना मायेने वागवले, आणि या गोष्टीचा आपण आज रास्त अभिमानाने उल्लेख करतो. इथे ना वाडा होता ना ब्लॅकआउटचा अंधार. मात्र पंचगंगेच्या खोऱ्यात सुरक्षित असलेल्या त्या मुलांपैकी बहुतेकांचे गाव युद्धानंतर दुसऱ्याच देशाच्या नकाशात गेले होते. ती छावणी उठली आणि त्याच बराकींत फाळणीने घर हरवलेली सिंधी कुटुंबे राहायला आली. त्या वसाहतीला आज गांधीनगर म्हणतात. कराचीकडून किंवा सिंधमधल्या हैदराबादकडून आलेले एखादे दहा वर्षांचे मूल पहिल्या रात्री तिथे झोपले असेल तेव्हा त्याने आईला विचारले असेलच, की आपल्याआधी इथे कोण राहत होते, आणि ती मुले कुठे गेली.